चार गिगाबाइटांतला संसार

तैवानमधील आसुस या कंपनीने जून २००७ मध्ये तैपेईच्या संगणक प्रदर्शनात एक चिमुकला संगणक मांडला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो विक्रीला काढला. त्याचे नाव ‘ई-पीसी ७०१’. वजन ९२० ग्रॅम, पडदा सात इंचांचा, स्मृती ५१२ मेगाबाइट. जाहीर करताना किंमत १९९ डॉलरपासून सांगितली होती. प्रत्यक्षात अमेरिकेत त्याचा ४ गिगाबाइटचा नमुना ३९९ डॉलरना मिळू लागला. तरीही तो हातोहात खपला. या यंत्राचा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा विशेष असा, की त्यात फिरणारी तबकडी नव्हती. कार्यप्रणाली, आज्ञावल्या आणि वापरणाऱ्याच्या फायली या सगळ्यांसाठी मिळून ४ गिगाबाइटची अर्धवाहक साठवण, म्हणजे एसएसडी, होती. इतरांच्या लॅपटॉपमध्ये त्या काळी याच्या वीस-तीसपट जागा असे.

हे आज सांगण्याचे कारण असे. २०१४ पासून पुढची काही वर्षे ३२ गिगाबाइट साठवण असलेले स्वस्त लॅपटॉप बाजारात बरेच आले आणि त्यांतले काही शाळांतही पोचले. पुष्कळ ठिकाणी त्यांची गत एकच झाली. दोन-तीन वर्षांत ‘अद्ययावत करण्यासाठी पुरेशी जागा नाही’ अशी सूचना पडद्यावर येऊ लागली, यंत्र मंदावले आणि कपाटात गेले. त्याचा एकही भाग बिघडलेला नसतो. विंडोज ११ ला (२०२१) किमान ६४ गिगाबाइट साठवण लागते, म्हणून ते त्यावर चढत नाही. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यानंतरच्या सुरक्षा-दुरुस्त्या मुदतवाढीच्या योजनेत नाव नोंदवणाऱ्यांनाच मिळतात. तेव्हा ही यंत्रे भंगारात घालायची की चालवायची, हा प्रश्न शाळेपुढे खरोखरच उभा आहे. त्याचे उत्तर देण्याआधी जागा नेमकी जाते कुठे, हे समजायला हवे.

थर आणि त्यांचा ताप

७०१ च्या रचनाकारांनी चार गिगाबाइटांचे दोन मुख्य भाग पाडले. सुमारे २.३ गिगाबाइटच्या पहिल्या भागात झँड्रॉस या नावाची लिनक्स कार्यप्रणाली आणि तिच्याबरोबरच्या आज्ञावल्या होत्या. हा भाग फक्त वाचता येई, त्यावर लिहिता येत नसे. सुमारे १.४ गिगाबाइटचा दुसरा भाग वापरणाऱ्यासाठी मोकळा होता. हे दोन्ही भाग एकावर एक ठेवून, वरून पाहणाऱ्याला जणू एकच साठवण आहे असे भासवण्याचे काम ‘युनियन-एफएस’ नावाची व्यवस्था करीत असे.

नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर खुणा करण्यासारखाच हा प्रकार. खालचा छापील नकाशा तसाच राहतो, तुमच्या खुणा कागदावर उमटतात, आणि पाहताना दोन्ही एकत्र दिसतात. कागद काढून टाकला की नकाशा पुन्हा कोरा. ७०१ सुरू होताना एफ-९ ही कळ दाबून ठरावीक पर्याय निवडला की वरचा थर पुसला जाई आणि यंत्र कारखान्यातून आले तसे होई. वर्गात वापरायच्या संगणकासाठी ही सोय किती मोलाची आहे, हे प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या शिक्षकांना सांगायला नको.

पण आता समजा, तुम्हाला जागा हवी आहे आणि कारखान्यातून आलेली एक मोठी आज्ञावली तुम्ही काढून टाकलीत. काय होईल? खालच्या थरावर लिहिता येत नाही, म्हणजे पुसताही येत नाही. मग युनियन-एफएस वरच्या कागदावर त्या जागी एक पांढरा ठिपका देते, ‘ही फाइल नाही असे समजावे’ अशी खूण. फाइल दिसेनाशी होते, पण तिने व्यापलेली जागा एका बाइटनेही मोकळी होत नाही. उलट त्या खुणेपुरती थोडी अधिक जागा खर्च होते. आज्ञावलीची नवी आवृत्ती घेतली तर प्रकार आणखी वाईट. नवी आवृत्ती वरच्या थरात बसते आणि जुनी खाली तशीच पडून राहते. दुरुस्त्या येत राहिल्या की १.४ गिगाबाइट बघता बघता भरतात. म्हणून अनेकांनी शेवटी हे थर मोडून सगळी साठवण सलग केली आणि एक सडपातळ लिनक्स नव्याने बसवली. जागा मिळाली, एफ-९ ची सोय मात्र गेली.

हाच धडा मायक्रोसॉफ्टलाही सात वर्षांनी गिरवावा लागला. एप्रिल २०१४ मध्ये विंडोज ८.१ च्या सुधारित आवृत्तीबरोबर लहान साठवणीच्या यंत्रांसाठी ‘विमबूट’ ही योजना आली. सगळी कार्यप्रणाली दाबून एका मोठ्या गाठोड्यात बांधायची, ते गाठोडे एका बाजूच्या भागात ठेवायचे, आणि यंत्र थेट त्या गाठोड्यातूनच चालवायचे. पुनःस्थापनेसाठीही तेच गाठोडे उपयोगी पडे, त्यामुळे वेगळी प्रत ठेवावी लागत नसे. कल्पना सुरेख होती. पण दुरुस्ती आली की बदललेल्या फायली गाठोड्यात घालता येत नसत. त्या बाहेर, नेहमीच्या जागेत बसत, आणि जुन्या प्रती आत तशाच. काही महिन्यांत वाचवलेली जागा पुन्हा खाल्ली जाई. विंडोज १० मध्ये (२०१५) ही पद्धत सोडून ‘कॉम्पॅक्ट ओएस’ आणले गेले. यात प्रत्येक फाइल वेगवेगळी दाबून ठेवलेली असते. म्हणून दुरुस्तीच्या वेळी जुनी फाइल काढून तिच्या जागी नवी ठेवता येते. ६४ बिटांच्या आवृत्तीत यामुळे सुमारे २.६ गिगाबाइट वाचतात, असे मायक्रोसॉफ्टने त्या वेळी सांगितले होते.

दाबलेली फाइल वापरताना उलगडावी लागते. मग यंत्र मंदावत नाही का? प्रोसेसरला थोडे जास्त काम पडते हे खरे. पण स्वस्त यंत्रांतली साठवण मुळातच संथ असते आणि दाबलेल्या फाइलमुळे तिच्यातून कमी बाइट वाचावे लागतात. बऱ्याचदा फिटंफाट होते.

बत्तीसचे एकोणतीस कसे होतात

३२ गिगाबाइटचा लॅपटॉप उघडून पाहिला तर विंडोज त्याची क्षमता २९ च्या आसपास दाखवते. ही फसवणूक नव्हे. साठवण बनवणारे गिगा म्हणजे १०⁹, म्हणजेच शंभर कोटी धरतात. विंडोज मात्र २³⁰, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ धरते. ३२ × १०⁹ ला या संख्येने भागले की २९.८ येतात. घातांकाच्या धड्याला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. या २९.८ मधूनही यंत्र सुरू करण्यासाठी आणि पुनःस्थापनेसाठी काही भाग राखून ठेवलेले असतात.

उरलेल्या जागेतल्या खर्चाच्या मोठ्या बाबी मोजक्याच आहेत. २०१९ च्या ‘१९०३’ या आवृत्तीपासून नव्याने बसवलेले विंडोज १० पुढच्या दुरुस्त्यांसाठी सुमारे ७ गिगाबाइट आधीच बाजूला काढते. ३२ मधले ७ म्हणजे पगार हाती पडण्याआधीच पाचवा हिस्सा कापून घेण्यासारखे झाले. संगणक ‘गाढ झोपेत’ जाताना स्मृतीतील मजकूर साठवणीत उतरवून ठेवतो. त्यासाठीची फाइल स्मृतीच्या साधारण ४० टक्के असते, म्हणजे ४ गिगाबाइट स्मृती असेल तर १.६ गिगाबाइट. ही सोय बंद केली की तेवढी जागा मोकळी होते. यंत्र सुरू व्हायला मात्र थोडा अधिक वेळ लागतो, कारण झटपट सुरू होण्याची युक्तीही याच फाइलवर अवलंबून असते. शाळेत तास संपला की संगणक पूर्ण बंदच करायचा असतो. तेव्हा हा सौदा मला फायद्याचा वाटतो.

मोठी आवृत्ती बदलताना लागणारी जागा ही खरी अडचण. जुनी कार्यप्रणाली ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरात दहा दिवस जपून ठेवली जाते, कारण नवी न मानवल्यास परत फिरता यावे. नव्या घरात बस्तान बसेपर्यंत जुने घर पाडायचे नाही, हे शहाणपणाचेच. पण तेवढे दिवस जागा दोन घरांची लागते. नेमके याच ठिकाणी ३२ गिगाबाइटचे यंत्र अडते. पेनड्राइव्ह जोडून तात्पुरत्या फायली तिकडे ठेवण्याचा पर्याय त्या वेळी विंडोज स्वतःच देते, तो घ्यावा.

‘विन-एसएक्स-एस’ या फोल्डरबद्दल मात्र स्वतंत्रपणे सांगायला हवे, कारण जागा शोधणाऱ्याची नजर सर्वांत आधी त्याच्यावर पडते. त्याचा आकार कित्येक गिगाबाइट दिसतो. पण दिसतो तेवढा तो नसतो. एखादा विद्यार्थी वर्गाच्या हजेरीपटावर असतो आणि कबड्डीच्या संघाच्या यादीतही असतो. दोन्ही याद्यांची बेरीज करून शाळेची पटसंख्या काढली तर तो दोनदा मोजला जाईल. विंडोजमध्येही एकाच फाइलची नावे दोन फोल्डरांत असू शकतात. साठवणीत मजकूर एकच, नावे दोन. साधी बेरीज करणारे साधन ती दोनदा मोजते. हे फोल्डर हाताने पुसणे म्हणजे कार्यप्रणालीच्या मुळावर घाव घालणे आहे. पुढच्या दुरुस्त्यांसाठी लागणारे सुटे भाग तिथेच असतात. त्याची सफाई विंडोजमधल्या डिस्क क्लीनअप या साधनाकडूनच करून घ्यावी.

एक्सपीच्या काळात ‘एन-लाइट’ नावाचे साधन लोकप्रिय होते. कार्यप्रणाली बसवण्याआधीच तिच्यातले नको ते भाग छाटायचे आणि हडकुळी झालेली प्रत बसवायची. विंडोज ११ च्याही अशा छाटलेल्या प्रती इंटरनेटवर तयार मिळतात. कुतूहल म्हणून त्या जरूर पाहाव्यात, पण शाळेच्या यंत्रावर बसवू नयेत असे माझे मत आहे. फार छाटलेल्या प्रतींना दुरुस्त्या घेता येत नाहीत. शिवाय अनोळखी माणसाने उघडून पुन्हा शिवलेले गाठोडे आत काय घेऊन आले आहे, हे आपल्याला कळायला मार्ग नसतो.

फळा पुसण्याचा नियम

जागा मोकळी ठेवण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना विशेष आवडेल. तबकडी काठोकाठ भरली तरी तिचे आयुष्य त्यामुळे कमी होत नसे. एसएसडीचे होते.

फ्लॅश स्मृती जपानमध्ये तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात विकसित केली. तिची प्रत्येक पेशी हा एक ट्रान्झिस्टर असतो. फरक एवढाच, की त्यात सिलिकॉन डायॉक्साइडसारख्या विद्युतरोधकाने चहूबाजूंनी वेढलेला एक जादा अग्र असतो, त्याला ‘तरंगते द्वार’ म्हणू. अधिक व्होल्टता लावून इलेक्ट्रॉन रोधकाच्या पातळ पडद्यातून आरपार नेता येतात. हा पुंज-भौतिकीतला बोगदा-परिणाम. आत शिरलेले इलेक्ट्रॉन वीज बंद केल्यावरही वर्षानुवर्षे तिथेच अडकून राहतात आणि ट्रान्झिस्टर किती व्होल्टतेला चालू होतो हे बदलतात. तेवढे मोजले की पेशीत काय लिहिले आहे ते कळते. प्रत्येक खेपेस रोधकाचा पडदा थोडा झिजतो. एका पेशीत एकच बिट ठेवणारी जुनी फ्लॅश लाखभर वेळा पुसता-लिहिता येई. तीन बिट ठेवणारी स्वस्त फ्लॅश एक ते तीन हजार वेळांतच थकते.

दुसरी मर्यादा पुसण्याची. लिहिताना काही किलोबाइटचे एक ‘पान’ लिहिता येते. पुसताना मात्र एकटे पान पुसता येत नाही, शंभराहून अधिक पानांचा अख्खा ‘ठोकळा’ एकदम पुसावा लागतो. आणि आधी पुसल्याशिवाय लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही. अशा फळ्याची कल्पना करा, की ज्यावर ओळ हवी तिथे लिहिता येते, पण डस्टर असे आहे की फिरवले की सगळा फळा पुसला जातो. एक ओळ बदलायची झाली तर? सुधारलेली ओळ दुसऱ्या फळ्यावर लिहायची आणि जुनीवर काट मारायची. काट मारलेल्या ओळी पुष्कळ झाल्या की राहिलेल्या चांगल्या ओळी दुसरीकडे उतरवून घ्यायच्या आणि मग फळा पुसायचा. एसएसडीतला नियंत्रक हेच काम अखंड करीत असतो.

आता थोडे गणित. ठोकळ्यात १२८ पाने आहेत असे धरा. त्यांतली ३२ कामाची आणि ९६ काट मारलेली असतील, तर ३२ पाने हलवून ९६ पानांची जागा मिळते. म्हणजे आपली ९६ पाने लिहिण्यासाठी प्रत्यक्षात १२८ पाने लिहिली गेली. गुणोत्तर १.३३. पण साठवण गच्च भरलेली असेल आणि ठोकळ्यात १२० पाने कामाची व ८ च काट मारलेली असतील, तर ८ पानांच्या जागेसाठी १२० पाने हलवावी लागतात. आपण लिहिली ८, झाली १२८. गुणोत्तर १६. साठवण ३२ गिगाबाइटची आणि पेशी हजार खेपांची धरली, तर तिच्यावर एकूण ३२,००० गिगाबाइट लिहिता येतील. रोज १० गिगाबाइट लिहिणाऱ्या यंत्रात पहिल्या स्थितीत ती २,४०० दिवस, म्हणजे साडेसहा वर्षे पुरेल. दुसऱ्या स्थितीत २०० दिवस. व्यवहारात इतका टोकाचा फरक पडत नाही. नियंत्रकाजवळ थोडी राखीव जागा असते आणि सगळेच ठोकळे सारखे भरलेले नसतात. शिवाय शाळेतले यंत्र रोज १० गिगाबाइट लिहीत नाही. पण दिशा हीच, आणि भरलेली एसएसडी संथ का होते याचेही कारण हेच. विद्यार्थ्यांना कामाच्या पानांची संख्या ‘क’ घेऊन १२८ ÷ (१२८ − क) या सूत्राचा आलेख काढायला सांगावा. क १२८ च्या जवळ जाताना रेषा कशी उभी चढते ते पाहण्यासारखे असते.

येथे एक बारकावा आहे. आपण फाइल पुसतो तेव्हा कार्यप्रणाली फक्त आपल्या सूचीतून तिचे नाव काढते. नियंत्रकाला ते कळत नाही. तो बिचारा त्या मेलेल्या पानांना कामाची समजून इकडून तिकडे वाहत राहतो. ‘ही पाने आता नकोत’ असे त्याला सांगणाऱ्या आज्ञेला ‘ट्रिम’ म्हणतात. ती विंडोज ७ (२००९) पासून आणि लिनक्समध्ये २०१० पासून आहे. सडपातळ केलेल्या यंत्रात ती चालू आहे ना, हे पाहून घ्यावे. नाहीतर मोकळी केलेली जागा नियंत्रकाच्या लेखी भरलेलीच राहते.

वाचण्यानेसुद्धा लिहिणे घडते, हे ऐकून नवल वाटेल. फाइल शेवटची कधी उघडली याची वेळ नोंदवण्याची युनिक्सची जुनी चाल आहे. हजार फायली वाचल्या की हजार नोंदी लिहायच्या. २००९ पासून लिनक्सने ही नोंद क्वचितच करण्याची पद्धत स्वीकारली. ती पूर्ण बंदही करता येते.

सहकुटुंब, सहपरिवार

विंडोज नको असेल आणि यंत्र तर चालवायचे असेल, तर लिनक्सची एखादी हलकी मांडणी हा सरळ मार्ग आहे. डेबियन घेतली आणि तिच्यावर एक्सएफसीई हा साधा पडदा-व्यवस्थापक बसवला, तर ३२ गिगाबाइटांत ती आरामात मावते आणि मुलांच्या कामासाठी निम्म्याहून अधिक जागा उरते. तरीही तिच्यातली चरबी कशी ओळखायची हे जाणण्यासारखे आहे.

लिनक्समध्ये आज्ञावल्या ‘पॅकेज’ या रूपात येतात आणि प्रत्येक पॅकेज इतर काही पॅकेजांवर अवलंबून असते. लग्नपत्रिकेवर ‘सहकुटुंब, सहपरिवार व इष्टमित्रांसह’ असे छापलेले असते ना, तसेच. कुटुंबाशिवाय पाहुणा येणारच नाही, ही झाली अत्यावश्यक पॅकेजे. इष्टमित्र म्हणजे ‘शिफारस केलेली’ पॅकेजे. ती नसली तरी काम चालते, पण डेबियन मुळातच उदार असल्याने त्यांनाही बोलावणे जाते. ही शिफारशीची सवय एका ओळीच्या बदलाने बंद करता येते, आणि मग पंगत बरीच आटोपशीर होते. पाहुणा गेल्यावर मागे राहिलेले त्याचे आप्तही हुडकून काढता येतात. त्यासाठी ‘ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा आहे. ती देण्याआधी पडद्यावरची यादी वाचावी, इतकेच.

याशिवाय तीन कोपरे पाहावेत. उतरवून घेतलेली पॅकेजे बसवून झाल्यावरही साठवणीत राहू शकतात, त्यांची रिकामी खोकी टाकून द्यायला ‘ॲप्ट क्लीन’ ही आज्ञा आहे. जुने कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचे गाभे, प्रत्येकी काहीशे मेगाबाइट अडवून बसतात. चालू असलेला आणि त्याच्या आधीचा एक, एवढे ठेवून बाकीचे काढावेत. आधीचा ठेवायचा तो नव्याने दगा दिला तर यंत्र निदान सुरू व्हावे म्हणून. तिसरा कोपरा नोंदवहीचा. यंत्रात घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवणारी ‘जर्नल’ ही वही, मर्यादा घातली नाही तर साठवणीच्या १० टक्क्यांपर्यंत वाढू शकते (कमाल ४ गिगाबाइट). आपल्या यंत्रात ते जवळजवळ ३ गिगाबाइट झाले. शाळेच्या लॅपटॉपला ५० मेगाबाइटची वही पुष्कळ होते.

चालकांच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. लिनक्सबरोबर जगभरच्या वायफाय, ध्वनी आणि चित्र-यंत्रणांसाठी लागणाऱ्या फायली येतात आणि त्यांचे आकारमान मोठे असते. आपल्या यंत्रापुरत्या ठेवून बाकीच्या काढल्या तर जागा चांगली मिळते. पण मग ती मांडणी त्या एका यंत्रापुरतीच राहते. एका लॅपटॉपवरची प्रत दुसऱ्या बनावटीच्या लॅपटॉपवर चढवायची असेल, तर तिथे वायफाय सापडणार नाही. दहा यंत्रे दहा प्रकारची असलेल्या शाळेने हा भाग जसा आहे तसा ठेवणेच बरे.

छाटणीत आपली भाषा

सडपातळ करण्याच्या बहुतेक कृती इंग्रजी वापरणाऱ्यांनी लिहिल्या आहेत. त्यांत हमखास एक पायरी असते, ‘इंग्रजीखेरीज सर्व भाषा काढून टाका’. डेबियनमध्ये ‘लोकेल-पर्ज’ हे साधन हेच काम करते. कोणत्या भाषा ठेवायच्या हे ते विचारते, पण घाईत फक्त इंग्रजीवर खूण करून पुढे जाणारे पुष्कळ. मग मराठी सूचना गेल्याच. त्याच झपाट्यात ‘अनावश्यक फॉन्ट’ म्हणून देवनागरी फॉन्टही गेला, तर मराठी पाठ्यपुस्तकाची फाइल उघडल्यावर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात.

यात वाचते किती, हेही पाहा. चिनी, जपानी आणि कोरियन लिप्यांचा फॉन्ट-संच पन्नास मेगाबाइटहून मोठा असतो, कारण त्यात हजारो चित्राक्षरे काढावी लागतात. आपल्या शाळेला तो बहुधा लागणार नाही, तो खुशाल काढावा. देवनागरीत मूळ अक्षरे थोडी. जोडाक्षरे धरली तरी आकृत्या काहीशेच होतात. लोहित हा देवनागरी फॉन्ट एक मेगाबाइटही भरत नाही. म्हणजे ३२,००० मेगाबाइटांच्या साठवणीत एक मेगाबाइट वाचवण्यासाठी आपण आपली लिपी घालवून बसतो. आणखी एक गोष्ट. मराठीतले ‘ल’ आणि ‘श’ हिंदीतल्या वळणापेक्षा वेगळे असतात. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे कळले तरच मराठी वळण वापरले जाते. म्हणून फॉन्टाबरोबर मराठी लोकेल आणि इनस्क्रिप्टचा कळफलकही ठेवावा. त्यांना लागणारी जागा नगण्य आहे.

लहान साठवण आणि शाळा यांची गाठ महाराष्ट्रात पूर्वी एकदा पडली आहे. ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या प्रकल्पाचे भारतातले पहिले प्रायोगिक वर्ग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात येथे सुरू झाले. त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्रात साठवण होती अवघी १ गिगाबाइट. तिच्यावर वेगळा नियंत्रकही नव्हता. झीज सगळीकडे सारखी वाटण्याचे आणि मजकूर दाबून ठेवण्याचे काम ‘जेएफएफएस-२’ ही फाइल-व्यवस्था स्वतःच करी.

राहता राहिला ७०१. तो कुणाकडे अजून असेल तर त्यातला प्रोसेसर ३२ बिटांचा आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून अशा जुन्या पीसीसाठी बसवण्याची प्रत मिळत नाही. ‘टायनी कोअर’ ही मांडणी मात्र अजूनही ३२ बिटांत मिळते. चित्रमय पडद्यासकट तिचा आकार वीसेक मेगाबाइट आहे. ती सगळीच्या सगळी ५१२ मेगाबाइट स्मृतीत चढून बसते आणि चार गिगाबाइटांची साठवण फायलींसाठी जवळजवळ पूर्ण मोकळी राहते.